एक मिलिमीटर म्हणजे दहा कोटी लिटर

जमिनीखाली पाच किलोमीटरवर शिलारसाचा एक साठा आहे असं धरू. खालून त्यात नवा शिलारस आला, साठा थोडा फुगला आणि त्याच्या बरोबर वरची जमीन एक मिलिमीटर उचलली गेली. हे डोळ्यांना दिसणार नाही, पायांना कळणार नाही, गवंड्याच्या ओळंब्यालाही जाणवणार नाही. पण तेवढ्या एका मिलिमीटरसाठी खालच्या साठ्याचं आकारमान सुमारे एक लाख घनमीटरनं वाढावं लागतं. एक लाख घनमीटर म्हणजे दहा कोटी लिटर वितळलेला खडक, आणि त्याचं वजन अडीच लाख टनांहून जास्त.

साठा पाचऐवजी दहा किलोमीटर खोल असेल तर त्याच एका मिलिमीटरमागे चाळीस कोटी लिटर लागतात. खोली दुप्पट झाली की आकडा चौपट होतो.

हे गणित एका कागदावर मावतं. कियो मोगी या जपानी शास्त्रज्ञांनी ते १९५८ साली ज्वालामुखींना लावून दाखवलं आणि आज जगभरातल्या ज्वालामुखी वेधशाळांत ते ‘मोगी मॉडेल’ या नावानं चालतं. पृथ्वीचं कवच लवचीक आहे आणि त्यात खोलवर एक छोटा गोळा फुगतो आहे, एवढंच ते गृहीत धरतं. मग वरच्या जमिनीचा उंचवटा मध्यभागी सर्वांत जास्त आणि कडेला उतरत जाणारा असा निघतो. त्याची गंमत उतारात आहे. साठ्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट अंतरावर गेलं की उंचवटा निम्मा होतो. म्हणून मध्यभागी एक मिलिमीटर आणि पावणेचार किलोमीटरवर अर्धा मिलिमीटर असं मोजमाप हाती आलं, तर एकही भोक न पाडता सांगता येतं की शिलारस पाच किलोमीटरवर आहे आणि इतका इतका आहे.

मोगींनी वापरलेली मोजमापं त्यांच्या जन्माआधीपासूनची होती. १२ जानेवारी १९१४ रोजी दक्षिण जपानमधला साकुराजिमा पेटला. त्या उद्रेकात इतका लाव्हा वाहिला की साकुराजिमा हे बेट राहिलंच नाही. मधली सामुद्रधुनी बुजून ते ओसुमी द्वीपकल्पाला जोडलं गेलं. फुसाकिची ओमोरी या भूकंपशास्त्रज्ञांच्या पुढाकारानं नंतर कागोशिमा आखाताभोवतीच्या सर्वेक्षणाच्या खुणांची उंची पुन्हा मोजली गेली. दुर्बीण, उभी पट्टी आणि चालणारी माणसं, एवढ्याच भांडवलावर केलेलं लेव्हलिंग. आखाताभोवतीची जमीन खचलेली निघाली, आणि खचण्याचं केंद्र ज्वालामुखीच्या माथ्याखाली नव्हतं, तर शेजारच्या आखातातल्या आइरा या जुन्या महाकुंडाखाली होतं. कोठार एकीकडे आणि दार दुसरीकडे. ते कोठार तेव्हापासून पुन्हा भरतंय. ब्रिटिश आणि जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार त्यात दरवर्षी सुमारे १.४ कोटी घनमीटर शिलारस जमा होतो आणि १९१४ एवढा साठा पुन्हा व्हायला साधारण १३० वर्षं लागतात. १९१४ मध्ये १३० मिळवा. समोरच्या किनाऱ्यावर कागोशिमा शहर आहे, लोकवस्ती सहा लाखांच्या आसपास.

आता मोजण्याबद्दल. मिलिमीटर मोजायचा म्हणजे काय करायचं, हे नीट पाहिल्याशिवाय पुढच्या आकड्यांचं वजन कळत नाही.

ज्वालामुखीच्या अंगावर खडकात पक्का रोवलेला खांब असतो आणि त्यावर जीपीएसचा अँटेना. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून संदेश पाठवतात. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटीमीटर जातो, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचे तीनेक हिस्से. वाटेत वातावरण येतं आणि ते संदेशाला उशीर लावतं. उपग्रह थेट डोक्यावर असला तरी या उशिरामुळे अंतर दोन मीटरहून अधिक वाढल्यासारखं दिसतं, आणि त्यातला हवेतल्या बाष्पाचा वाटा तासातासाला बदलतो. शिवाय जमीन स्वतःच हलत असते. समुद्राला येते तशी भरती-ओहोटी घट्ट खडकालाही येते. चंद्र-सूर्याच्या ओढीनं काही ठिकाणची जमीन दिवसातून दोनदा तीस सेंटीमीटरपर्यंत वर-खाली होते. आपण सगळेच तिच्याबरोबर हलत असल्यानं कुणाला पत्ता लागत नाही. त्यात भूपट्ट सरकत असतात. भारतच वर्षाला पाच सेंटीमीटरच्या आसपास ईशान्येकडे निघालेला आहे. हे सगळं वजा करायचं आणि जे उरेल त्यात शिलारसाचा मिलिमीटर शोधायचा.

दुसरं उपकरण म्हणजे टिल्टमीटर, जमिनीचा कल मोजणारं. त्याचं एकक मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीच्या सरळ दांड्याचं एक टोक एक मिलिमीटर उचललं की जो कल होतो, तो एक मायक्रोरेडियन. भोकात खोल बसवलेली चांगली उपकरणं याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी कल टिपतात.

तिसरी पद्धत मला सर्वांत विलक्षण वाटते. रडार असलेला उपग्रह एका जागेवरून जातो, लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या लहरींची अवस्था नोंदवतो. काही दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेनं येतो. दोन नोंदी एकमेकींतून वजा केल्या की मधल्या दिवसांत जमीन उपग्रहाच्या जवळ आली की दूर गेली, ते रंगीत कड्यांच्या रूपात उमटतं. युरोपच्या सेंटिनेल-१ची लहर ५.६ सेंटीमीटरची, म्हणून प्रत्येक कडं म्हणजे २.८ सेंटीमीटर. उपग्रह ६९३ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगानं चाललेला असतो. एवढ्या उंचीवरून सेंटीमीटर मोजायचा म्हणजे सात कोटींत एक भाग मोजायचा. त्यातही खांब रोवायला नको, माणूस पाठवायला नको. अडीचशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातला जवळजवळ प्रत्येक उघडा खडक हाच खांब.

या सगळ्या पद्धती एकाच वेळी कामाला लागल्या ती रात्र १० नोव्हेंबर २०२३ची. जागा आइसलँडच्या नैर्ऋत्य टोकाचं रेक्यानेस द्वीपकल्प.

हा भाग २०२१ पर्यंत सुमारे आठशे वर्षं शांत होता. खाली मात्र उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट वर्षाला दोनेक सेंटीमीटरनं एकमेकांपासून दूर जात होते आणि कवचात ताण साठत होता. वर्षाला दोन सेंटीमीटर हा आकडा क्षुल्लक वाटतो; आठशे वर्षांनी गुणला की पंधरा-सोळा मीटर होतात. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी स्वार्त्सेंगी या भू-औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरातली जमीन चढायला लागली. चार-पाच किलोमीटरवर शिलारस जमत होता, हे जीपीएस आणि रडार दोघांनीही सांगितलं. तोपर्यंत हा प्रकार ओळखीचाच होता.

१० नोव्हेंबरला दुपारनंतर भूकंपांची रांग लागली आणि जीपीएसचे आलेख उलटे फिरले. चढणारी स्वार्त्सेंगीची जमीन झपाट्यानं बसू लागली. दोन्ही बाजूंचे खांब एकमेकांपासून दूर जाऊ लागले. मधली पट्टी खचली आणि त्या पट्टीचं दक्षिण टोक ग्रिंडाविक या मासेमारीच्या गावातून जात होतं. काही ठिकाणी जमीन एक मीटरहून जास्त खाली गेली, रस्ते फाटले. गावाखाली शिलारस घुसत होता. रात्री गाव रिकामं करण्याचा आदेश निघाला आणि जवळपास ३,८०० माणसं घरं सोडून निघाली.

शास्त्रज्ञांनी नंतर त्या रात्रीच्या खांबांच्या हालचालींवरून हिशोब मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. काही तासांत कवचात १५ किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर उंच भेग पडली होती. तिची रुंदी? जास्तीत जास्त ८ मीटर. आणि ती भेग भरताना शिलारसाचा प्रवाह सेकंदाला ७,४०० घनमीटरपर्यंत पोचला होता.

७,४०० घनमीटर म्हणजे किती, हे मराठी वाचकाला पावसाळ्यातल्या बातम्यांच्या भाषेत सांगता येईल. २ लाख ६१ हजार क्युसेकचा विसर्ग. या वेगानं एक टीएमसी भरायला एक तास आणि सुमारे चार मिनिटं लागतात, १.९७ टीएमसीचं खडकवासला दोन तासांच्या थोडं पुढे काठोकाठ होतं. फक्त हे पाणी नव्हे. हा हजार अंशांहून जास्त तापमानाचा वितळलेला खडक, आणि तो नदीच्या मोकळ्या पात्रातून नाही तर बंद दगडात, स्वतःची वाट फाडत गेलेला. त्या रात्री जमिनीवर त्याचा एक थेंबही आला नाही. दहा कोटी घनमीटरहून अधिक शिलारस, म्हणजे साडेतीन टीएमसीपेक्षा जास्त, गावाखाली आणि आजूबाजूला एक किलोमीटरपेक्षाही कमी खोलीपर्यंत येऊन थांबला. लाव्हा दिसला तो १८ डिसेंबरला, अडतीस दिवसांनी.

या अभ्यासातली खरी नवी गोष्ट प्रवाहाच्या कारणाची आहे. एवढा वेग यायला खालचा दाब प्रचंड असला पाहिजे असं आपण धरून चालतो. गणित म्हणालं, तशी गरज नाही. आठशे वर्षं ताणलेलं कवच फाटायला टेकलेलं होतं. ते फाटलं आणि रिकामी होत जाणारी जागा शिलारस ओढत गेली. साधा दाब पुरेसा होता. म्हणजे साठा किती भरला हे मोजणं पुरत नाही, वरचं कवच किती ताणलं गेलंय हेही मोजलं पाहिजे. त्यानंतरच्या महिन्यांत साठा पुन्हा भरत होता तो सेकंदाला काही घनमीटर या चालीनं. भरताना थेंबाथेंबानं आणि रिकामं होताना हजारपट वेगानं.

पुढे आइसलँडच्या हवामान विभागाचा एक ठेका बसला. साठ्यात ठराविक कोटी घनमीटर जमले की इशारा द्यायचा, कारण मागच्या वेळी साधारण तेवढ्यावरच जमीन फुटली होती. जुलै २०२५ पर्यंत त्या रांगेत नऊ उद्रेक झाले. ‘येणार’ हे आठवडाभर आधी सांगता येत होतं. ‘आता’ हे सांगायला मात्र फार थोडा वेळ मिळे. ८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे साडेपाचला भूकंप सुरू झाले आणि सहाच्या सुमारास लाव्हा बाहेर होता.

अशा भेगेत शिलारस थिजला की दगडाची उभी भिंत उरते. भूशास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात. या भिंती पाहायला आइसलँडला जावं लागत नाही. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत त्या शेकड्यानं आहेत. वरचा थर झिजून गेल्यामुळे त्या आता शेतांच्या आणि माळांच्या वर काळ्या रांगांसारख्या उभ्या दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेल्या, कित्येक दहा-वीस मीटर जाड आणि काही तर कित्येक किलोमीटर लांब. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या कातळाचे लोट वाहिले तेव्हाच्या त्या भेगा. ग्रिंडाविकखाली आठ मीटरची भेग पडताना सेकंदाला ७,४०० घनमीटर वाहिले. धुळ्याच्या माळावर वीस मीटर जाडीच्या भिंतीला हात लावून उभं राहिलं की त्या वेळी काय वेग असेल, हा प्रश्न अंगावर येतो. तेव्हा मोजायला कुणी नव्हतं. आता तीच गोष्ट घडताना मोजता येते, आणि म्हणून आइसलँडचा प्रत्येक आलेख आपल्या दगडाबद्दलही काही सांगतो.

साठा रिकामा होताना काय होतं हे २०१८ साली हवाईतल्या किलाउएआनं दाखवलं. शिखरावरून जवळपास चाळीस किलोमीटर दूर लेइलानी एस्टेट्स या वसाहतीत ३ मेपासून जमीन फाटून लाव्हा वाहू लागला; सातशेहून अधिक घरं गेली. तिकडे लाव्हा येत होता आणि इकडे शिखर बसत होतं. टिल्टमीटरच्या आलेखात आधी उतरती रेषा आणि मग पायऱ्या दिसू लागल्या. रिकाम्या होणाऱ्या साठ्याचं छप्पर तुकड्यातुकड्यानं कोसळत होतं, आणि मेच्या मध्यापासून २ ऑगस्टपर्यंत अशी ६२ कोसळणी नोंदली गेली. प्रत्येक मोठ्या कोसळणीची ताकद पाच रिश्टरच्या वरच्या भूकंपाएवढी. शेवटी कुंडाचा तळ काही भागांत पाचशे मीटरहून जास्त खाली गेला होता. गालापागोसमधल्या सिएरा नेग्रा ज्वालामुखीचा तळ याच वर्षी उलटी चाल दाखवून मोकळा झाला. तो २००५ नंतरच्या तेरा वर्षांत साडेसहा मीटर चढला आणि २६ जून २०१८ ला उद्रेक सुरू झाला.

आतापर्यंतच्या आकड्यांवरून कुणाला वाटेल की फुगवटा मोजला की काम झालं. तसं नाही, आणि हे ठासून सांगायला हवं.

१९८० च्या वसंतात अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स पर्वताची उत्तर बाजू फुगत होती. मिलिमीटरनं नाही, दिवसाला दीड ते दोन मीटरनं. एकूण फुगवटा शंभर मीटरच्या वर गेला होता. भूगर्भशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्स्टन जवळपास दहा किलोमीटरवरच्या कड्यावर मुक्काम करून लेझरनं अंतर मोजत होते. १८ मेच्या सकाळी सातच्या आधी त्यांनी घेतलेल्या मोजमापात वेग कालच्यासारखाच होता. काहीही वेगळं नव्हतं. आठ वाजून बत्तीस मिनिटांनी तो सगळा उतार घसरला, सुमारे अडीच घन किलोमीटर डोंगर खाली आला आणि त्यामागे स्फोट झाला. ५७ माणसं गेली, जॉन्स्टन त्यांतले एक.

आणि याच्या अगदी उलट टोक म्हणजे इटलीतलं पोत्सुओली, नेपल्सला लागून असलेलं गाव. तिथल्या रोमन बाजारपेठेचे संगमरवरी खांब, प्रत्येक बारा मीटरच्या आसपास उंच, अजून उभे आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर खांबांचा खालचा भाग गुळगुळीत, वरचाही गुळगुळीत, पण मधला अडीचेक मीटरचा पट्टा भोकांनी भरलेला. ही भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची आहेत. खांब उभे असतानाच ती जमीन समुद्रात इतकी खाली गेली होती की शिंपल्यांनी तिथे घर केलं, आणि नंतर ती पुन्हा वर आली. चार्ल्स लायल यांनी १८३० साली आपल्या भूशास्त्रावरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठामागच्या चित्रासाठी हेच खांब निवडले. माझ्या मते जगातलं सर्वांत सुंदर मोजमाप तेच आहे, कारण ते कुणीही केलेलं नाही.

पोत्सुओली काम्पी फ्लेग्रेई या महाज्वालामुखीच्या मध्यावर वसलंय. १५३८ साली इथे आठवडाभरात एक नवी टेकडी तयार झाली. तिचं नावच मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर. १९६९ ते १९७२ मध्ये जमीन दीड मीटरहून जास्त चढली. १९८२ ते १९८४ मध्ये पुन्हा सुमारे १.८ मीटर. चाळीस हजार माणसांना घराबाहेर काढलं गेलं. बंदराचा धक्का पाण्यापासून इतका उचलला गेला की होड्या लावता येईनात. आणि उद्रेक झाला नाही. जमीन हळूहळू बसली. २००५ पासून ती पुन्हा चढते आहे आणि आतापर्यंत जवळपास दीड मीटर चढली आहे; मे २०२४ आणि मार्च २०२५ मधल्या धक्क्यांनी लोकांना रात्री रस्त्यावर काढलं. हा फुगवटा शिलारसाचा, की खालून आलेल्या वायूनं आणि तापलेल्या पाण्यानं सच्छिद्र खडक फुगवल्याचा, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मोगीचं सूत्र फक्त आकारमान सांगतं. आत काय आहे ते सांगत नाही. त्यासाठी गुरुत्व मोजावं लागतं, वायू मोजावे लागतात, भूकंप ऐकावे लागतात. धोक्याच्या सर्वांत आतल्या पट्ट्यात पाच लाख माणसं राहतात, आणि ‘गाव रिकामं करा’ हे शब्द ज्यानं उच्चारायचे त्याच्या हातात एवढंच असतं.

हे काम आता भारतातही होऊ शकतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह सुटला, इस्रो आणि नासा यांचा मिळून. त्याचा रडार परावर्तक १२ मीटर व्यासाचा आहे, उंची ७४७ किलोमीटर, आणि दर १२ दिवसांनी तो त्याच वाटेनं येतो. त्याच्या दोन रडारांपैकी एकाची लहर २४ सेंटीमीटरची असल्यानं ती दाट झाडीतूनही खाली पोचते, जिथे सेंटिनेलच्या आखूड लहरींना अडचण येते. अंदमान समुद्रातलं बॅरन बेट हा भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी. १९९१ पासून तो अधूनमधून पेटतो. बेटावर कुणी राहत नाही, वेधशाळा नाही, म्हणून त्याच्यासाठी आकाशातूनच मोजणं हा मार्ग.

निसारची माहिती सर्वांसाठी खुली आणि विनामूल्य ठेवण्याचं धोरण जाहीर झालेलं आहे. लागणारी सॉफ्टवेअरंही मोफत मिळतात. महाराष्ट्रात भूशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी बॅरन बेटाच्या लागोपाठच्या दोन नोंदी उतरवून घ्याव्यात, एकीतून दुसरी वजा करावी आणि कडी मोजावीत. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.